सही इथे, पाऊल तिथे

बसमध्ये उजवीकडची, खिडकीजवळची सीट तुमची. 2005 चा ऑक्टोबर आहे, गाव चांगशा, चीनमधल्या हुनान प्रांताची राजधानी. तुमचं वय 43, घर ओहायोत कोलंबसला, नोकरी एका शाळेच्या ग्रंथालयात. शेजारी बसलेला घामाघूम माणूस तुमचा नवरा. त्याच्या शर्टाच्या आत, पोटाला बांधलेल्या कापडी पट्ट्यात 3,000 डॉलर आहेत, सगळे शंभराच्या करकरीत नोटांत. घडी पडलेली नोट चालत नाही, असं निघताना बजावलेलं होतं.

तुमची मराठी तेवढी सोबत राहू द्या, आणि पुढच्या वीस वर्षांत काय झालं याची माहितीही राहू द्या. मात्र ती माहिती या बाईच्या कानावर घालता येणार नाही. तिच्या डोळ्यांनी बघायचं, तिच्या हातांनी उचलायचं आणि गप्प बसायचं.

बसमध्ये आणखी दहा-बारा जोडपी आहेत. मूल कुणाकडेच नाही, पण मांडीवर रिकाम्या झोळ्या, घडीच्या बाबागाड्या, चीरिओजचे डबे, आणि अकरा महिन्यांच्या मुलीला सहा महिन्यांचं झबलं बसेल की दीड वर्षाचं, यावर दबक्या आवाजात खल चाललेला. परवापर्यंत सगळे पेइचिंगला होते. दत्तक-संस्थेने सगळ्यांना चिनी भिंतीवर नेऊन आणलं, म्हणजे वेळही जावा आणि अंगही वेळेला रुळावं. भिंतीचे फोटो निघाले आहेत. भिंत कशी होती ते कुणाला विचारू नका.

पुढे उभी राहिलेली वाटाडी मुलगी माइकवरून सांगते, ‘तुमच्या मुली येऊन पोहोचल्या आहेत. पहाटे निघाल्या होत्या. दोघींना गाडी लागली, आता बऱ्या आहेत.’ मागच्या सीटवरचा एक दणकट गृहस्थ हुंदके देऊन रडायला लागतो. त्याला कोणी समजावत नाही.

इथवर यायला दीड-एक वर्ष गेलं. त्याआधीची वर्षं दवाखान्यांत गेली, त्यांच्याबद्दल ही बाई बोलत नाही, आपणही बोलायला नको. मग कागद सुरू झाले. जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, पोलिसांचं पत्र, डॉक्टरांचा अहवाल, बँकेचं पत्र, नोकरीच्या ठिकाणचं पत्र. प्रत्येक कागद आधी नोटरीकडे, मग नोटरी खरा आहे हे सांगायला राज्याच्या सचिवाकडे, मग सचिवाची सही खरी आहे हे सांगायला चिनी वकिलातीत. तलाठ्याच्या दाखल्यावर तहसीलदाराचा शिक्का मिळवायला सकाळपासून बाकावर बसलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. बोटांचे ठसेसुद्धा शिळे होतात, हे मात्र तुम्हाला इथेच कळलं असेल. अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे त्यांची मुदत 15 महिने. मध्येच एक समाजसेविका घरी येऊन गेली. जिन्याला दार कुठे बसवणार, लहानपणी तुम्हाला मार बसायचा का, तुमचं दोघांचं भांडण कशावरून होतं, ते मिटवतं कोण, असं सगळं विचारून तिने वहीत लिहून घेतलं. ज्यांना निसर्गनियमाने मुलं होतात त्यांना हे प्रश्न कोणी विचारत नाही. विचारायला हवेत, असं माझं स्वतःचं मत आहे.

मग फाइल पेइचिंगला, दत्तक व्यवहार पाहणाऱ्या सरकारी केंद्रात गेली. तिथे एक खोली आहे. एका बाजूला परदेशी आईबापांच्या फाइली, दुसऱ्या बाजूला मुलांच्या. तिथल्या कोणा कर्मचाऱ्याने तुमची फाइल उचलली आणि एका मुलीच्या फाइलवर ठेवली. का, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. काही महिन्यांनी तुमच्या हातात आले लहान आकाराचे फोटो आणि तब्येतीचे दोन कागद. वजन, उंची, दात किती, ‘संगीत आवडते, कधीकधी हट्टी.’ फोटोत रजईएवढ्या जाड कोटात कोंबलेलं एक बाळ कॅमेऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघतंय. तो फोटो तुम्ही ग्रंथालयात, किराण्याच्या दुकानात आणि दाताच्या डॉक्टरांकडे दाखवलात.

बस थांबते. सरकारी इमारत, जिना, वर एक लांबट सभागृह. ट्यूबलाइट, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात गरम पाण्याचं यंत्र. आजूबाजूच्या आठ-दहा गावांतल्या अनाथाश्रमांतून आलेल्या बायका मुलींना घेऊन दाराआड उभ्या आहेत आणि आतून रडण्याचा एकच मोठा आवाज येतोय. नाव पुकारलं की जोडप्याने पुढे व्हायचं. तुम्ही कॅमेरा कोण धरणार हे ठरवून ठेवलेलं होतं. ते ठरवलेलं आता कोणालाच आठवत नाही. तिचं चिनी नाव पुकारलं जातं. वाटाडी तुमच्या कोपराला धरून पुढे ढकलते.

ती बाई तिशीतली आहे. तिच्या कडेवर तुमच्या फोटोतलं बाळ. कपाळाच्या वर, डावीकडे, केस चौकोनी भादरलेले. तिथे सलाइनची सुई लावलेली होती. गालावर तडे, अंगात एकावर एक कपडे. बाई बाळाच्या कानाशी काहीतरी बोलते, तुमच्याकडे बोट करते, आणि दोन्ही हातांनी बाळ तुमच्याकडे देते. वजन अपेक्षेपेक्षा कमी. वास दुधाचा, धुराचा आणि त्या बाईच्या अंगाचा.

बाळ तुमच्याकडे बघतं. मग मान वळवून त्या बाईकडे बघतं. ती एव्हाना दोन पावलं मागे गेलेली आहे. मग जो टाहो फुटतो, तो तुम्ही आयुष्यात ऐकलेला नाही.

वर्षानुवर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती ही, आणि कॅमेरे लखलखताहेत. पण अकरा महिन्यांच्या त्या जिवाच्या हिशेबी आत्ता काय घडतंय ते बघा. भूक लागली की जो चेहरा यायचा तो गेला. जिच्या अंगाचा वास म्हणजे झोप, ती गेली. समोर मोठ्या नाकाची, वेगळ्याच वासाची माणसं, एकही आवाज ओळखीचा नाही. आणि हे तिच्याबाबतीत पहिल्यांदाही घडत नाहीये. तुमच्या अल्बममध्ये हा फोटो ‘आमचा पहिला दिवस’ म्हणून लागेल. मुलीच्या बाजूने त्याला काय म्हणायचं, ते अल्बममध्ये कुठेच नसेल.

सांभाळणाऱ्या बाईला तुम्ही कोलंबसहून आणलेली भेट देता, हाताला लावायचं क्रीम. ती घेते, हसते, डोळे पुसते आणि निघते. तिला परतीच्या प्रवासाला बसायचंय. अनाथाश्रमाच्या संचालकांना प्रश्न विचारायला प्रत्येक कुटुंबाला दहा मिनिटं मिळतात. तुमची यादी लिहून तयार आहे. किती वेळा दूध घेते? काय खाते? भाताची पेज, अंडं. कशी झोपते? पाठीवर. हे तुम्हाला डोक्यावरून हात फिरवल्यावर कळलंच होतं. मागचा भाग पाटासारखा सपाट आहे. आपल्याकडे राईची उशी दिली असती.

‘कुठे सापडली?’

‘अनाथाश्रमाच्या फाटकाशी.’

‘किती दिवसांची होती?’

‘दोन-तीन.’

‘सोबत काही होतं? चिठ्ठी?’

संचालक वाटाडीशी थोडं लांबलचक बोलतात. वाटाडी तुम्हाला सांगते, ‘नाही.’

लांब उत्तर, छोटा अनुवाद. तुम्हाला ते जाणवतं, पण बाळ रडतंय, मागे पुढचं कुटुंब उभं आहे आणि दहा मिनिटं संपलीत.

हॉटेलच्या खोलीत कालच पाळणा आणून ठेवलेला आहे. आता दार बंद होतं आणि तुम्ही तिघं उरता. कपडे उतरवायला घ्या: स्वेटर, त्याखाली विणलेलं जाकीट, त्याखाली अंगरखा, त्याखाली आणखी एक अंगरखा, पट्टीने बांधलेला लंगोट. काखेत खरजेचे फोड आहेत. मलम तुम्ही आणलंय, सगळेच आणतात. अंघोळीचं पाणी बघताच ती किंचाळते. तुम्ही जवळ गेलात की किंचाळते. नवऱ्याने उचललं की गप्प. पुन्हा करून बघा: तुम्ही, किंकाळी, तो, शांतता. तिने त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली आहे आणि त्याच्या खांद्यावरून तुमच्यावर नजर ठेवून आहे. संस्थेने वाचायला दिलेल्या कागदांत हे होतं. एका माणसाला धरायचं आणि दुसऱ्याला झिडकारायचं, मुलं करतात असं. वाचलेलं काही उपयोगी पडत नाही. नवरा अपराधी चेहऱ्याने बाथरूमलाही जात नाही. आई व्हायला आलेली ही बाई टॉवेल घड्या करत बसते.

दूध. अमेरिकेहून आणलेली भुकटी, मोजून, कोमट पाण्यात, मनगटावर थेंब टाकून बघितलेलं. ती बूच तोंडात घेते आणि थुंकते. पुन्हा तेच. दुसरी बाटली, दुसरी भुकटी, तरी तेच. रात्रीचे दहा वाजतात, अकरा. शेवटी वाटाडीला फोन. ती झोपेतून विचारते, ‘गरम आहे ना?’ कोमट आहे. ‘कोमट नाही. गरम. आणि बूच कापा, भोक मोठं हवं. तांदळाची पेज घाला. साखर घाला.’ तुमच्या डॉक्टरांनी या चारपैकी तीन गोष्टींना मनाई केलेली आहे. नवरा नखं कापायच्या कात्रीने बूच कापतो, तुम्ही थर्मासमधलं पाणी ओतता, कॉफीसोबतच्या साखरेच्या दोन पुड्या फोडता. हाताला चटका बसेल एवढी गरम बाटली भीतभीत पुढे करता.

ती दोन्ही हातांनी बाटली धरते आणि तीन-चार मिनिटांत रिकामी करते. धरताना तिची करंगळी तुमच्या बोटावर टेकलेली असते. चुकून. तरी तुम्ही हात काढत नाही, मुंग्या येईपर्यंत.

आई होणं म्हणजे काय, याची व्याख्या करायला मी जाणार नाही. पण सुरुवात कुठे झाली असं या बाईला विचारलंत, तर ती सभागृह सांगणार नाही, साखरेच्या पुड्या सांगेल.

दुसऱ्या दिवशी नोंदणी. नियमाने एक दिवसाचा अवधी दिलेला असतो, दोन्ही बाजूंनी पाहून घ्यायला. टेबलामागचे अधिकारी विचारतात, मुलगी पसंत आहे का? प्रश्न साडीच्या दुकानातला वाटतो, पण हो म्हणा. तिला कधी टाकणार नाही, तिचे हाल करणार नाही, असं वचन देता का? देता. सही इथे, इथे आणि इथे. मग मुलीचा तळवा लाल शाईत दाबतात आणि कागदावर उमटवतात. ती आपल्या लाल पावलाकडे बघत राहते, रडायचं विसरते. पोटावरच्या पट्ट्यातले डॉलर बाहेर येतात, मोजले जातात. अनाथाश्रमाला देणगी. मोबदल्यात शिक्का मारलेली पावती, आणि कागदांचा एक जुडगा: दत्तकाचं प्रमाणपत्र, जन्माचा दाखला ज्यात आईबापांची नावं नाहीत, आणि मुलीला टाकून दिलं होतं असं सांगणारा दाखला. हा तिसरा कागद सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर अमेरिकेच्या कायद्यात ती अनाथ ठरत नाही आणि तिला व्हिसा मिळत नाही. ‘टाकलेली’ असणं ही तिच्या प्रवासाची पहिली अट आहे.

या बाईला काय माहीत आहे ते आधी सांगतो, मग आपल्याला काय माहीत आहे ते. तिला माहीत आहे की चीनमध्ये एका मुलाचा कायदा आहे, आणि मुलगा हवा म्हणून लोक मुली टाकतात. हे पुरतं खोटं नाही. हुनानच्या खेड्यांत पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या मुलाला परवानगी मिळे. दुसरीही मुलगी झाली की मुलाची संधी संपली. मूल टाकणं गुन्हा, म्हणून पहाटे, चोरून, कोणाच्या तरी नजरेस लवकर पडेल अशा जागी. पण 1992 च्या एप्रिलपासून ज्या कायद्याने परदेशी लोकांना दार उघडलं, त्याच कायद्याने चिनी माणसाला दत्तक घेणं अवघड करून ठेवलं होतं: वय 35 च्या पुढे हवं आणि स्वतःचं मूल नसावं. 1999 मध्ये वयाची अट 30 वर आली. ज्या घरांत मुलगे होते आणि एक मुलगी हवी होती, त्यांना ती उघडपणे घेता येत नव्हती. के ॲन जॉन्सन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी चीनच्या खेड्यांत वर्षानुवर्षं फिरून हे मांडलं. त्यांनी स्वतःही चीनमधून मुलगी दत्तक घेतलेली होती. मुली कोणालाच नको होत्या, ही गोष्ट ऐकायला सोपी होती. ती चीनच्या सरकारला सोयीची होती आणि ओहायोतल्या घरालाही.

आणि ते 3,000 डॉलर. 2005 मध्ये त्यांचे साधारण 24,000 युआन होत. त्या वर्षी चीनमधल्या खेड्यात माणशी वार्षिक उत्पन्न होतं सुमारे 3,250 युआन. त्याच वर्षी एकट्या अमेरिकेत चीनमधून जवळजवळ 7,900 मुलं गेली. एवढी त्याआधी कधी गेली नव्हती आणि पुढेही गेली नाहीत. तुम्ही हॉटेलच्या खिडकीतून शियांग नदी बघत पासपोर्टची वाट पाहताय, आणि याच प्रांतात दक्षिणेला हंगयांगमध्ये पुढच्याच महिन्यात पोलिसांनी एक साखळी पकडली: ग्वांगडोंग प्रांतातून बाळं आणायची, अनाथाश्रमांना पैसे घेऊन द्यायची, आणि आश्रमाने ‘फाटकाशी सापडली’ असं लिहायचं. 2006 च्या फेब्रुवारीत शिक्षा झाल्या, मोठ्यात मोठी 15 वर्षांची. त्यानंतर 2011 मध्ये चिनी पत्रकारांनी हुनानच्याच शाओयांगमधली हकिगत छापली: कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी दंड न भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरातून मुलं उचलून नेली होती, त्यातली काही परदेशात पोहोचली होती.

तुमच्या मांडीवरची मुलगी त्यातली आहे का? सांगता येत नाही. बहुतेक नसेल. फाटकाशीच सापडली असेल. पण खऱ्या आणि खोट्या दाखल्यांवर शिक्का सारखाच लाल आहे.

बाकी प्रवास भराभर उरकू. चांगशाहून विमानाने ग्वांगझौ, कारण दत्तक मुलांचा अमेरिकी व्हिसा तिथेच मिळतो. उतरायचं शामियान बेटावर, व्हाइट स्वान हॉटेलात. एकेकाळी इंग्रज-फ्रेंचांच्या ताब्यातलं हे बेट, वडाच्या जातीची जुनी झाडं, आणि रस्त्यात जिकडे पाहावं तिकडे गोरी माणसं चिनी मुलींना ढकलगाडीतून फिरवताहेत. दुकानदार ढकलगाड्या फुकट वापरायला देतात, नावाचे दगडी शिक्के कोरून देतात, चूंचूं वाजणारे बूट विकतात. हॉटेल प्रत्येक कुटुंबाला एक बार्बी भेट देतं: गोरी, सोनेरी केसांची, कडेवर चिनी बाळ घेतलेली. दुकानात ती मिळत नाही. तुम्ही हसता, आणि जपून बॅगेत ठेवता. लॉबीतल्या लाल कोचावर सगळ्या मुलींना रेशमी झगे घालून ओळीने बसवतात आणि फोटो काढतात. एक पडते, एक दुसरीचा बूट चावते. तुमची गंभीर. मधल्या दिवसांत कधीतरी तिने तुमच्याकडे यायला सुरुवात केली आहे, फक्त जेवताना, फक्त चमचा तुमच्या हातात असेल तर. हेही पुष्कळ झालं.

अमेरिकी वकिलातीत उजवा हात वर करून शपथ. मग एक सीलबंद तपकिरी पाकीट मिळतं, न उघडता अमेरिकेत द्यायचं. लॉस एंजलिसला इमिग्रेशनचा माणूस ते फोडतो, चाळतो, पासपोर्टवर शिक्का मारतो, आणि 2001 पासूनच्या कायद्याप्रमाणे त्या क्षणी ती अमेरिकन नागरिक होते. या माणसाला पाकीट उघडायला दोन सेकंद लागले. तुम्ही ते पॅसिफिकवरून छातीशी धरून आणलंत. ‘पुढचे,’ तो म्हणतो. लंगोट बदलायची जागा डावीकडे आहे.

आता एकोणीस वर्षं ओलांडा. 2024 चा सप्टेंबर, कोलंबसचं स्वयंपाकघर. चीनने जाहीर केलंय की यापुढे परदेशी दत्तक बंद, जवळचं नातं असेल तेवढाच अपवाद. अमेरिकेत आलेल्या मुलांची संख्या 80,000 च्या वर गेली होती. टेबलावर तुमची मुलगी त्याच कागदांचा जुडगा उलगडून बसली आहे. कॉलेजात तिने चिनी भाषा घेतली. सापडल्याची जी जाहिरात तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रात छापली होती, तिचं कात्रण ती आता स्वतः वाचते.

‘मॉम, तू त्या संचालकांना आणखी काही विचारलं नाहीस?’

‘दहा मिनिटं होती. तू रडत होतीस.’

‘आणि नंतर? पत्र?’

नंतर खरूज होती, कानाचं दुखणं होतं, बालवाडी होती. आणि उत्तर काय येईल याची धास्तीही होती. हे शेवटचं तुम्ही आज पहिल्यांदा मोठ्याने बोलता. ती मान डोलावते, रागावत नाही. वहीत काहीतरी लिहून घेते.

पुढच्या उन्हाळ्यात तिला चांगशाला जायचंय. डीएनएची नळी तिने केव्हाच पाठवून दिलेली आहे, तुम्हाला सांगून. व्हिसाच्या अर्जाला तिचा जुना चिनी पासपोर्ट लागतो. एकदाच वापरलेला, आत भादरलेल्या डोक्याचा फोटो असलेला. तो कपाटातून काढून तुम्ही टेबलावर ठेवता. अर्जात पूर्वीच्या नावाचा रकाना आहे. तुम्ही ते नाव वाचून दाखवता, चांगशाच्या सभागृहात ऐकलं होतं तसं.

‘असं नाही गं,’ ती हसते, दोनदा नीट उच्चार करून दाखवते, आणि विचारते, ‘तुझ्याही व्हिसाचा अर्ज भरू का? फोटो लागतील दोन.’